वाचक विचारतात: कॅम्परमागे ट्रॉली लावू का?

प्रश्न: सर नमस्कार, मी मनीषनगर, नागपूरला राहतो. जुनी फोर्स ट्रॅव्हलर घेऊन तिचा कॅम्पर करून घेतला, मागे दोन बर्थ, छोटं किचन, १०० लिटरची पाण्याची टाकी. आम्ही दोघं, दोन पोरं आणि आई. पेंच, नवेगाव झालं, आता दिवाळीनंतर पचमढी आणि मग समृद्धीनं कोकणाकडे जायचा विचार करून राहिलो. पण सामान मावत नाही, दोन सायकली, टेंट, टेबल-खुर्च्या, सिलेंडर, जनरेटर, आई म्हणते मी पाय ठेवू कुठं. म्हणून मागे छोटी ट्रॉली लावावी म्हणतो. वाडीचा एक फॅब्रिकेटर ६ बाय ४ फुटांची बंद पेटीवाली ट्रॉली करून द्यायला तयार आहे, म्हणतो "खाली ३ एमएमची चेकर प्लेट टाकतो भाऊ, हत्ती उभा करा." घेऊ का?

उत्तर: हत्ती न्यायचा असेल तर घ्या. तुम्हाला न्यायच्या आहेत सायकली आणि खुर्च्या, त्याला ३ एमएम लोखंड काहून पाहिजे? हिशोब करून बघा ना, लोखंडाचा १ एमएम जाडीचा पत्रा चौरस मीटरला पावणेआठ किलोच्या वर भरतो, म्हणजे ६ बाय ४ चा ३ एमएमचा नुसता तळच ५० किलोच्या पुढे गेला, त्याच जागी १२ एमएमचा वॉटरप्रूफ प्लायवूड टाकला तर १७-१८ किलोत काम होतं. पेटीच्या बाजूंना ॲल्युमिनियमचा पत्रा लावा, त्याच जाडीच्या लोखंडाच्या जवळपास एक तृतीयांश वजनात बसतो. लोखंड फक्त चॅसिसला आणि गाडीच्या हुकला अडकणाऱ्या पुढच्या दांड्याला ठेवा, तिथे मात्र कंजुषी नको. आपल्याकडचे फॅब्रिकेटर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या करून करून हात बसलेले लोक आहेत, मजबुतीत कमी पडणार नाहीत, पण हलकं करायला सांगितलं की त्यांना ते काम कच्चं वाटतं. तुम्ही अडून बसा.

पण त्याच्याही आधी गाडीकडे बघा. एक दिवस पाण्याची टाकी फुल भरून, घरचे सगळे बसवून गाडी धर्मकाट्यावर न्या आणि आलेलं वजन आरसीवरच्या लेडन वेटशी (भरलेल्या गाडीचं जास्तीत जास्त मंजूर वजन) ताडून बघा. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो हे लोक विसरतातच. गाडी आधीच काठावर असेल तर ट्रॉलीनं प्रश्न सुटत नाही, कारण ट्रॉलीच्या दांड्याचा भार गाडीच्या मागच्या टोकावरच येतो आणि ट्रॅव्हलरचा मागचा भाग चाकाच्या मागे बराच लांब निघालेला असतो, त्यामुळे तो भार मागच्या एक्सलला जास्तच लागतो. गाडी किती ओढू शकते हा आकडा मॅन्युअलमध्ये शोधा, नाही सापडला तर सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या, "चालते नं भाऊ" यावर जाऊ नका. आणि हो, आरसीवर कॅम्परचा बदल चढवलाय ना? नसेल तर आधी ते.

आता दांड्यावरचा भार किती पाहिजे, तर भरलेल्या ट्रॉलीच्या १० ते १५ टक्के. समजा ट्रॉली १५० ची आणि सामान २०० चं, एकूण ३५०, तर हुकवर ३५ ते ५० किलो आले पाहिजेत. घरचा वजनकाटा, त्यावर गाडीच्या हुकच्या उंचीएवढा लाकडी ठोकळा, त्यावर दांडा टेकवा, आकडा समोर (ठोकळ्याचं वजन वजा करा). कमी भरला तर जनरेटर, सिलेंडर वगैरे जड वस्तू एक्सलच्या थोड्या पुढे सरकवा. हे आळस करून सोडलं आणि सगळं जड मागच्या दाराशी कोंबलं की ट्रॉली वेगात डावी-उजवी झुलायला लागते, पाठोपाठ गाडीचं शेपूटही, आणि समृद्धीच्या मोकळ्या रस्त्यावर वेग तर आपोआपच चढतो. झुलायला लागलीच तर ब्रेक दाबायचा नाही, स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटर सोडायचा. मी तर म्हणतो ६०-७० च्या वर जाऊच नका, तुम्हाला कुठे ऑफिस गाठायचंय.

घाटाचं वेगळं. पचमढीला छिंदवाड्यावरून गेलात तर सिल्लेवानीचा घाट लागेल, उतरताना ट्रॉली मागून ढकलते, तेव्हा खालच्या गिअरमध्येच उतरा. युरोपात ७५० किलोपर्यंतच्या ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नसला तरी चालतो, पण भरलेली ट्रॉली ४०० च्या पुढे जाणार असेल तर माझं मत, ओव्हररन ब्रेकवालीच घ्या. त्यात गाडी हळू झाली की ट्रॉलीच्या धक्क्यानंच ट्रॉलीचा ब्रेक लागतो, वेगळी वायर-पाइप काही नाही.

चाकं शक्यतो १२ इंची घ्या, जुन्या अल्टोचं १४५/८० आर १२ टायर कुठेही मिळतं, एक स्टेपनी सोबत ठेवा. फार छोट्या चाकाची ट्रॉली घेऊ नका, आपल्या रस्त्यांवर ती खड्ड्यात उतरते ती उतरतेच. ट्रॉली वर्षभर उन्हात उभी राहते, टायर झिजत नाही पण चिरतो, म्हणून टायरवरचा चार आकडी कोड बघा, ३२२२ म्हणजे २०२२ चा ३२वा आठवडा. निघाल्यावर २०-२५ किलोमीटरवर एकदा थांबून ट्रॉलीच्या हबला (चाकाच्या मधल्या भागाला) हात लावून बघा, कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर बेअरिंग नाहीतर ग्रीसचं काहीतरी आहे.

सिलेंडर बंद पेटीत ठेवणार असाल तर पेटीच्या तळाशी जाळीच्या खिडक्या करून घ्या, गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की खालीच साचतो, आणि जनरेटरचं पेट्रोल त्याच्या शेजारी अजिबात नको. घरचा १४.२ चा भरलेला ३० किलोच्या आसपास जातो, त्यापेक्षा ५ किलोवाला न्या.

कागदांचं: मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे, म्हणजे त्याला स्वतःचं रजिस्ट्रेशन आणि विमा लागतो. वाडीत ट्रॉली झक्क तयार होईल, पण पासिंगला अडली तर अंगणात कुंड्या ठेवायच्या कामाची. म्हणून ॲडव्हान्स द्यायच्या आधी आरटीओत जाऊन विचारा आणि मंजुरी असलेलाच बनवणारा धरा, चार पैसे जास्त गेले तरी. गाडीच्या विमा कंपनीलाही कळवा.

खरं सांगू का, तुमच्या यादीत जागा खाणाऱ्या वस्तू सायकलीच आहेत. मागच्या दारावर सायकल कॅरिअर लावून आणि जनरेटर घरी ठेवून एकदा पचमढी करून बघा, आईंना पाय ठेवायला जागा झाली तर ट्रॉलीचे पैसे वाचले. नाहीच झाली तर हिंगण्याच्या एमआयडीसीत रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावर ट्रॉली रिव्हर्स घ्यायची प्रॅक्टिस करा, हात स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला धरायचा, हात ज्या बाजूला जाईल त्याच बाजूला ट्रॉलीचं शेपूट जातं. छोटी ट्रॉली रिव्हर्सला मोठीपेक्षा जास्त छळते, फटकन वळते, म्हणून फॅब्रिकेटरला दांडा थोडा लांब ठेवायला सांगा.