करिअर मार्गदर्शन : मुलीला उत्क्रांतीचं जाळं काढायचंय

‘मी लालबागला राहते, घरून मसाले आणि लोणची करून विकते. मुलगी अकरावी सायन्सला आहे. गणित आणि बायोलॉजी दोन्ही घेतलंय. नीटच्या क्लासचे सर म्हणतात, बारावीला गणित सोड. मुलीला मात्र डॉक्टर व्हायचंच नाही. एका शिबिरात तिने ऐकलं की सजीवांचा इतिहास झाडासारखा नाही, जाळ्यासारखा असतो. आता तिला ती जाळी काढायला शिकायचंय. झाड असो की जाळं, त्यावर पोट भरतं का?’ – एक आई

ताई,

पोट भरतं, पण उशिरा भरतं. आणि गणित सोडलं तर ही वाट फार बिकट होते. का, ते तुमच्याच लोणच्यातल्या मोहरीच्या डाळीवरून सांगते.

आपल्याकडे मोहरी म्हणून जी विकली जाते, त्यातली बहुतेक एका संकरातून आलेली आहे. सलगम ज्या जातीतलं, ती एक वनस्पती आणि दुसरी काळी मोहरी. पहिलीच्या पेशीत 20 गुणसूत्रं, दुसरीच्या 16. आपल्या मोहरीत 36, म्हणजे दोघींची सगळीच्या सगळी. नागाहारू यू या शास्त्रज्ञाने 1935 मध्ये हे नातं मांडलं. आता ही मोहरी वंशवृक्षावर बसवायची तर कुठे? तिच्यात बऱ्याच जनुकांच्या दोन तऱ्हा आहेत, एक सलगमाच्या घरची, दुसरी काळ्या मोहरीच्या घरची. झाडात फांद्या फुटत जातात, फुटलेल्या दोन फांद्या पुन्हा एकत्र येत नाहीत. इथे तर त्या आल्यात. म्हणून जिथे दोन फांद्या मिळतात तिथे गाठ दाखवायची सोय असलेलं चित्र लागतं. त्यालाच फायलोजेनेटिक नेटवर्क म्हणतात. तुमची मुलगी बोलतेय ते हेच, आणि ती बरोबर बोलतेय.

गहू, कापूस, केळी यांच्या इतिहासातही अशा गाठी आहेत. आफ्रिकेबाहेरच्या माणसांत, म्हणजे तुमच्या-माझ्यातही, एक-दोन टक्के डीएनए निअँडरथल माणसाचा आहे. 2009 चा स्वाइन फ्लू तुम्हाला आठवत असेल. त्या विषाणूच्या आठ जनुकीय तुकड्यांची मुळं डुकरं, पक्षी आणि माणूस अशा वेगवेगळ्यांच्या फ्लूमध्ये होती. एकच झाड काढून ती कथा सांगताच येत नाही.

खरं कसब मात्र चित्र काढण्यात नाही. दोन जनुकांनी दोन वेगळी झाडं दाखवली की लगेच संकर झाला असं म्हणता येत नाही. पूर्वजांतच एका जनुकाचे दोन-तीन प्रकार असतील आणि ते वंशजांत कसेही वाटले गेले असतील, तरी झाडं जुळत नाहीत. माहितीतल्या चुकांनीही जुळत नाहीत. काही जाळी तर ‘इथे माहिती आपसात भांडतेय’ एवढंच दाखवतात, प्रत्यक्ष काय घडलं याचा दावा करत नाहीत. कोणती गाठ खरी आणि कोणती भासाची, हे ठरवायला संभाव्यताशास्त्र लागतं. दहा जातींची मूळ दाखवणारी, दोन-दोन फांद्यांत फुटणारी झाडं मोजली तर 3 कोटी 44 लाख 59 हजार 425 होतात. जाळ्यांची तर मोजदादच संपत नाही, गाठी किती हे आधी ठरवून घेतल्याशिवाय. इतक्यांतून योग्य ते शोधायचं तर गणित आणि प्रोग्रॅमिंग दोन्ही हवं. क्लासचे सर नीटच्या हिशेबाने चुकत नाहीत, त्या परीक्षेत गणित नाहीच. पण तुमच्या मुलीचा हिशेब वेगळा आहे. अकरावी-बारावीत गणित सोडून बीएस्सीनंतर ते नव्याने शिकायला बसलेली मुलं माझ्याकडे येतात, आणि त्यांची ती धडपड मला बघवत नाही.

वाटा सांगते. बारावीनंतर आयसर या केंद्राच्या विज्ञान संस्थांची आयएटी आणि दुसरी नेस्ट अशा दोन प्रवेश परीक्षा द्याव्यात. दोन्हींत भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि गणित असे चारही विषय असतात. नेस्टमधून कलिन्याच्या सीईबीएस या मूलभूत विज्ञानाच्या केंद्रात पाच वर्षांचं एमएस्सी करता येतं, म्हणजे घरी राहूनही. पुढे पीएचडी, तीही पाच-सहा वर्षांची. त्या काळात फेलोशिप मिळते. 2023 पासून जेआरएफला, म्हणजे सुरुवातीच्या फेलोशिपला, महिना 37 हजार आणि वर घरभाडं आहे. पक्की नोकरी लागेपर्यंत वय अठ्ठावीस-तीस होईल, हे मनाशी धरून चाला. ‘जाळी काढणारा’ असं पद कुठे नसतं. काम मिळतं जीनोमच्या, म्हणजे सजीवाचा सगळा डीएनए वाचणाऱ्या, प्रयोगशाळांत, पीक-संशोधनात, औषध कंपन्यांत, विषाणूंवर नजर ठेवणाऱ्या केंद्रांत. तुमच्यापासून जवळच, चिंचपोकळीच्या कस्तुरबा रुग्णालयात, महापालिकेने 2021 मध्ये जीनोम सिक्वेन्सिंगची प्रयोगशाळा सुरू केली.

पण त्याआधी मुलीला हे काम खरंच आवडतं का, ते बघू. ऐकायला छान वाटणं वेगळं आणि तीन तास एका रांगेत डीएनएची अक्षरं जुळवत बसणं वेगळं. तिला म्हणावं, एनसीबीआय या अमेरिकी संस्थेच्या जनुकांच्या मोफत साठ्यातून आपली मोहरी, सलगम आणि काळी मोहरी या तिन्ही वनस्पतींचं आणि जवळच्या दोन-तीन नातेवाईक जातींचं हरितलवकातलं, म्हणजे पानाला हिरवा रंग देणाऱ्या पेशीतल्या भागातलं, एक जनुक घे आणि झाड काढ. मग पेशीकेंद्रातलं एक जनुक घेऊन पुन्हा काढ. हरितलवक आईकडून येतं, म्हणून पहिल्या झाडात मोहरी सलगमाच्या शेजारी बसायला हवी. काळी मोहरी हा बाप तिथे दिसणारच नाही, तो दिसेल तर दुसऱ्या झाडात. स्प्लिट्सट्री हे मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात जाळंही काढता येईल. साधा लॅपटॉप पुरे.

झाडं पहिल्या फटक्यात जुळणार नाहीत. तेव्हा ती वैतागून उठते की पुन्हा बसते, एवढंच तुम्ही लोणचं भरता भरता लांबून बघा, मध्ये बोलू नका. मे महिना त्यासाठी द्या. दोन्ही झाडांचे कागद घेऊन तिला जूनच्या पहिल्या आठवड्यात माझ्याकडे पाठवा, आणि तोवर गणित बदलायच्या अर्जावर सही करू नका.