मनगटाचा एक्स-रे नॉर्मल सांगितला, पण तीन बोटं बधिर आहेत. थांबू का?

थांबू नका. शिडीवरून तळहातावर पडलात, फ्रॅक्चर नाही म्हणून क्रेप बँडेज बांधून घरी पाठवलं आणि चौथ्या दिवशीही अंगठा, तर्जनी व मधलं बोट बधिर आहे, असं तुम्ही लिहिलंय. मी हाडांचा डॉक्टर आहे. नुसत्या मुरगळण्याने ही तीन बोटं सहसा बधिर होत नाहीत, त्यामुळे पहिली शंका येते ती ल्युनेट निखळल्याची.

मनगटातल्या आठ छोट्या हाडांपैकी ल्युनेट अगदी मधलं. मनगट जोरात मागे वाकलं की त्याच्याभोवतीचे लिगामेंट, म्हणजे हाडं एकमेकांना बांधून ठेवणारे पट्टे, एकामागून एक तुटतात. कधी ल्युनेट जागेवर राहून बाकीची हाडं मागे सरकतात, कधी ल्युनेटच तळहाताकडे उलटतं. तिथून हातात जाणारी मीडियन नर्व्ह ही मज्जातंतू दबली की नेमकी हीच बोटं बधिर होतात.

ही इजा दुर्मिळ आहे आणि हुकतेही फार. 1993 साली प्रसिद्ध झालेल्या 166 रुग्णांच्या अभ्यासात दर चौघांपैकी एकाचं निदान सुरुवातीला राहून गेलं होतं. समोरून काढलेल्या फिल्ममध्ये हाडं एकमेकांवर येतात, ल्युनेट त्रिकोणी दिसतं, पण घाईत ते नजरेतून सुटतं. खरं चित्र कळतं ते अचूक बाजूने काढलेल्या फिल्ममध्ये. तिथे रेडियस (कोपर ते मनगटातलं अंगठ्याकडचं हाड), ल्युनेट आणि कॅपिटेट (ल्युनेटच्या पुढचं, बोटांकडचं हाड) एका रेषेत हवेत. ल्युनेट कलंडलेल्या कपासारखं दिसलं, तर निदान जवळपास पक्कं. तुमची बाजूची फिल्म काढली होती का, आणि ती तिरकी तर नाही ना, हे आधी विचारा. शंका उरली तर सीटी करतात.

निदान झालं तर भूल देऊन, बोटं वर टांगून हात काही मिनिटं ताणून ठेवतात आणि ल्युनेट अंगठ्याने दाबून जागेवर बसवतात. पण तेवढ्याने भागत नाही, कारण तुटलेले लिगामेंट हाडं धरून ठेवू शकत नाहीत. म्हणून ऑपरेशन करून लिगामेंट शिवतात, हाडं जागेवर धरायला के-वायर, म्हणजे धातूच्या बारीक तारा, घालतात. वायर साधारण आठ आठवडे राहतात. नंतर फिजिओथेरपी लागते. उत्तम उपचारानंतरही थोडा ताठरपणा आणि पकडीत कमीपणा राहू शकतो, हे आधीच सांगतो. महिनोन्‌महिने उशीर झाला तर मात्र कधीकधी मनगटातल्या छोट्या हाडांच्या पहिल्या (कोपराकडच्या) ओळीतली हाडंच काढावी लागतात.

आजच हाताच्या सर्जनला किंवा ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा. रिपोर्टचा कागद पुरत नाही, मूळ फिल्म सोबत न्या. बोटात अंगठी असेल तर आत्ताच काढा. बधिरपणा किंवा कळ वाढत चालली, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट कॅज्युअल्टी गाठा.