कार्ब हीट ओढल्यावर इंजिन खडखडलं तरी नॉब आत ढकलू नका

ऑगस्टात इंदूरला परतताना, खाली येत असताना आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) हळूहळू पडलं, इंजिन थरथरलं, तुम्ही कसेबसे धावपट्टीवर उतरलात. नंतर जमिनीवर इंजिन चालवून बघितलं आणि ‘दोष नाही, तुम्ही घाबरलात’ असं तुम्हाला ऐकवलं. तुमचा हा अनुभव वाचला आणि माझा तो दिवस डोळ्यांपुढे आला. तेच इंदूर, तोच महिना, जुनं कार्ब्युरेटरवालं (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग असलेलं) सेस्ना १७२ विमान, आणि त्या कार्ब्युरेटरमध्ये धरलेला बर्फ. मी मात्र धावपट्टीपर्यंत पोचलो नाही.

इंजिन गेल्यावर तरंगत उतरायचा ६५ नॉट्सचा वेग, मदतीची ‘मेडे’ हाक वगैरे तुम्हाला येतंच, ते सोडतो.

माझी घोडचूक एकच. आरपीएम पडल्यावर कार्ब हीट (कार्ब्युरेटरमध्ये गरम हवा सोडायचा नॉब) ओढली तर इंजिन आणखी खडखडायला लागलं. घाबरून नॉब आत ढकलला. परत ओढला, परत ढकलला. ते खडखडणं म्हणजे वितळलेल्या बर्फाचं पाणी इंजिनात जात होतं, म्हणजे उपाय लागू पडत होता! ही ऊब एक्झॉस्टकडून, म्हणजे धूर बाहेर टाकणाऱ्या नळीकडून मिळते. इंजिन मंदावलं की एक्झॉस्टही निवतो, मग कितीही ओढा, उपयोग नाही. शिवाय आल्टिमीटरवर (समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवणारं यंत्र) ३५०० फूट दिसत होते, तेवढी उंची हाताशी आहे असं धरून चाललो. आपल्या माळव्याची जमीनच समुद्रसपाटीपासून १८०० फुटांच्या आसपास. उरले जेमतेम १७००.

सांवेरच्या अलीकडे सोयाबीनच्या शेतात उतरलो. भिजलेल्या काळ्या मातीत पुढचं चाक रुतलं, विमान नाकावर गेलं, प्रोपेलर वाकला.

त्यानंतर ज्या कार्यालयात कागद गेले, तिथल्या साहेबांनी विचारलं, “बर्फ? इंदुरात? ऑगस्टात?” पेट्रोलची वाफ होताना आणि हवा अरुंद नळीतून जाताना कार्ब्युरेटरमधलं तापमान ३० अंशांहूनही जास्त उतरू शकतं. बाहेर २५ अंश आणि दमट हवा असली की बर्फ धरायला तेवढं पुरतं. जमिनीवर येईपर्यंत तो वितळलेला असतो, मग दोष सापडणार कुठून? चूक माझी होती, ती मी लेखी कबूल केली. पण हवेतल्या दमटपणाचा त्यांनी उल्लेखही केला नाही आणि अहवालाच्या प्रतीसाठी चार महिने खेटे घालायला लावले. पुढच्या विद्यार्थ्याला त्यातून काय कळणार? याचा राग अजून जात नाही.

म्हणून त्या वेळचा मेटार (विमानतळावरचा हवामान अहवाल) आजच मिळवा, तापमान आणि दवबिंदू तारखेसकट लिहून ठेवा. तक्रार विमानाच्या नोंदवहीत स्वतःच्या अक्षरात लिहा. तोंडी सांगण्यावर अजिबात विसंबू नका.

माझं ठाम मत: पावसाळ्यात थ्रॉटल कमी करायच्या आधीच कार्ब हीट ओढावी, आणि पूर्ण ओढावी. ‘गरज पडली तर बघू’ म्हणणारे प्रशिक्षक मला पटत नाहीत. गो-अराउंडला (उतरणं सोडून पुन्हा वर जाताना) मात्र नॉब आत, कारण गरम हवेने ताकद घटते. मी प्रशिक्षक नाही, तुमच्या विमानाच्या हँडबुकात असेल ते प्रमाण माना. फ्युएल इंजेक्शनवाल्या १७२ ला हा नॉबच नसतो.

आणि शेतात उतरायची वेळ आलीच तर पिकाच्या ओळींच्या दिशेने उतरा, नाक शेवटपर्यंत वर धरा, दारं आधीच उघडून ठेवा. मी दार उघडलं नव्हतं. चौकट वाकून ते अडकलं, शेवटी दोघा शेतकऱ्यांनी बाहेरून ओढून मला काढलं.