प्रार्थनेत अभद्र विचार येतात आणि कितीही क्षमा मागितली तरी समाधान होत नाही, तेव्हा काय करावे?

तुम्ही लिहिले आहे की प्रार्थनेला बसताच प्रभू येशूविषयी आणि पवित्र आत्म्याविषयी अभद्र शब्द मनात येतात, दिवसभर तुम्ही त्यांची क्षमा मागत राहता, आपल्या हातून अक्षम्य पाप घडले असावे या भीतीने झोप लागत नाही, आणि विश्वास वाढवला की सगळे ठीक होईल, असे घरचे सांगतात. येत्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ चर्चमध्ये भाकर आणि प्याला घेण्याचा विधी, घ्यावे की नाही, हेही तुम्ही विचारले आहे. मी डॉक्टर नाही. पण याच मंत्रचळाच्या आजारात माझी सहा वर्षे गेली आहेत आणि मी आजही चर्चच्या मंडळीत आहे, म्हणून लिहिते आहे.

मी अहमदनगरच्या एका मिशन कंपाउंडमध्ये वाढले. बी. एड. करत असताना हे सुरू झाले. रात्री सगळे झोपल्यावर मी शहाबादी फरशीवर गुडघे टेकून प्रभूची प्रार्थना म्हणत असे. ‘आमची ऋणे आम्हांस सोड’ या ओळीशी आले की एक ठरावीक शिवी मनात उमटे, प्रार्थना विटाळली असे वाटे आणि मी ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’पासून पुन्हा सुरुवात करी. कधी ती ओळ नीट पार पडे, पण ‘आमेन’ म्हणताना मन हजर होते का, अशी शंका येई आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणावे लागे. फरशीचा सांधा रुतून गुडघ्यावर काळा घट्टा पडला होता. पोरगी भक्तिमान निघाली, असे आईला वाटत होते. एका पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, उपास-प्रार्थना करून माझ्यातला दुष्टात्मा घालवण्याचा प्रयत्न केला. त्यांची माया खरी होती, पण त्यानंतर आपल्या आत कोणीतरी बसले आहे, ही आणखी एक भीती मला लागली.

याला आपल्याकडे मंत्रचळ म्हणतात, दवाखान्यात ओसीडी (ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर). हात धुण्याचा मंत्रचळ लोकांना चटकन ओळखता येतो, प्रार्थनेचा येत नाही, कारण तो पुण्यासारखा दिसतो. नकोसा विचार येतो, त्याची भीती वाटते, भीती घालवण्यासाठी आपण क्षमा मागतो, क्षणभर बरे वाटते, आणि त्या क्षणभराच्या बऱ्या वाटण्यामुळेच मन शिकते की तो विचार खरोखर धोक्याचा होता. मग तो अधिक जोराने परततो. रॅकमन आणि डी सिल्व्हा या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1978 साली दाखवून दिले की असेच विचित्र आणि ओंगळ विचार बहुतेक निरोगी माणसांनाही येतात. ती माणसे त्यांना किंमत देत नाहीत, एवढाच फरक. तेव्हा घरच्यांना नम्रपणे सांगा की हा विश्वासाचा तुटवडा नाही. ज्याला देवाची पर्वा नाही, त्याची झोप अशा विचाराने उडत नाही.

आपल्याआधी चांगल्या चांगल्यांना हे भोगावे लागले आहे. ज्यांच्या रूपककथेचे मराठी भाषांतर हरि केशवजींनी 1841 सालीच केले होते, त्या इंग्रज धर्मोपदेशक जॉन बनयन यांनी 1666 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्मकथनात लिहिले आहे की ‘ख्रिस्ताला विकून टाक’ हा विचार त्यांच्या मनात एकसारखा घुमत असे आणि तो परतवण्यासाठी ते नको, नको म्हणत हातांनी आणि कोपरांनी जणू कोणाला ढकलत असत. ते वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून रडले, कारण वर्गात फळ्याकडे तोंड करून मान झटकण्याची माझी सवय हुबेहूब तशीच होती. येशूसंघाचे संस्थापक, लोयोलाचे इग्नाशियस 1522 मध्ये स्पेनमधील मान्रेसा इथे जुनी पापे पुन्हा पुन्हा कबूल करत इतके खचले की त्यांच्या मनात जीव देण्याचे विचार येऊ लागले. जे पाप अगदी स्पष्ट असेल तेवढेच सांग, असे त्यांच्या पापनिवेदन ऐकणाऱ्या गुरूने फर्मावले, पण उपयोग झाला नाही, कारण त्यांना प्रत्येक पाप स्पष्टच वाटत होते. मागचे काहीही पुन्हा कबूल करायचे नाही असे त्यांनी ठरवले, तेव्हा ते सुटले. या एका प्रसंगात हा आजार जितका नीट कळतो, तितका मला दुसरीकडे कुठे कळला नाही.

अक्षम्य पापाबद्दल मी एकदाच लिहिते. पवित्र आत्म्याची निंदा करणाऱ्याला क्षमा नाही, हा येशूचा इशारा मार्काच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात यरुशलेमहून आलेल्या शास्त्र्यांना आहे. समोर माणसे बरी होताना पाहूनही त्यांनी जाणूनबुजून ते सैतानाचे काम ठरवले होते. मनाविरुद्ध उमटलेल्या आणि तुम्हाला घाबरवणाऱ्या शब्दाचा त्याच्याशी संबंध नाही. उद्या हा परिच्छेद पुन्हा वाचून खात्री करावीशी वाटेल. वाचू नका. मी योहानाच्या पहिल्या पत्रातले ‘देव आपल्या मनापेक्षा थोर आहे’ हे वचन चिठ्ठीवर लिहून पर्समध्ये ठेवले होते आणि दिवसातून चाळीस वेळा काढून वाचत होते. त्या वचनाचीही मी गोळी करून टाकली होती, आणि माझ्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी ती चिठ्ठी घरी ठेवायला लावली तेव्हा मला त्यांचा राग आला होता.

त्या बाई ख्रिस्ती नव्हत्या, त्यामुळे त्या माझा विश्वास मोडतील अशी मला धास्ती होती. त्यांनी पहिल्या महिन्यातच, माझ्या परवानगीने, आमच्या आताच्या पाळकसाहेबांना फोन करून विचारले की तुमच्याकडचा साधा विश्वासू माणूस किती वेळा आणि कशी प्रार्थना करतो, म्हणजे काय सोडायचे आणि काय सोडायचे नाही ते ठरवता येईल. उपचाराची पद्धत मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मायर यांनी 1966 मध्ये मांडलेल्या कामातून पुढे आलेली आहे: भीतीला सामोरे जायचे आणि ती शमवणारी कृती करायची नाही. माझ्यासाठी त्याचा अर्थ असा की प्रभूची प्रार्थना एकदाच म्हणायची, शिवी आली तरी पुढे जायचे, आमेन म्हणून उठायचे, आणि क्षमा मागायची नाही. पहिल्या रात्री मी पाऊण तास स्वयंपाकघरात उभी होते, हातपाय गार पडले होते. तिसऱ्या आठवड्यात ती घालमेल दहा मिनिटांवर आली. जोडीला मानसोपचारतज्ज्ञांनी सर्ट्रालिन हे औषध दिले. या आजारात अशा औषधांचा गुण यायला अनेकदा दोन-तीन महिने लागतात, तेव्हा पंधरा दिवसांत निराश होऊ नका आणि मनाने बंदही करू नका. जीव नकोसा वाटला तर थांबू नका, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर लगेच फोन करा. तो विनामूल्य आहे.

पाळकसाहेबांनीही एक अवघड गोष्ट कबूल केली. ‘मला क्षमा झाली ना?’ असे मी विचारले की ते म्हणत, ‘याचे उत्तर मी तुला दिले आहे, आज देणार नाही,’ आणि लगेच संडे स्कूलच्या कामाविषयी बोलू लागत. आईलाही त्यांनी हेच शिकवले. तेव्हा ते कठोर वाटले, पण विश्वास म्हणजे काय हे मला तिथे कळले. माझा देव तोपर्यंत अर्जात खाडाखोड दिसली की तो परत करणाऱ्या कारकुनासारखा होता. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात मात्र पौल म्हणतो की प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळत नाही, तेव्हा आत्मा स्वतः आपल्यासाठी मध्यस्थी करतो. म्हणजे माझी मोडकी प्रार्थना आधीच कोणीतरी हातात घेतलेली आहे, आणि ती पोचली का हे तपासण्याचे काम माझे नाही. खात्री न मागता ती तिथेच सोडणे मला आजही जड जाते, पण मी ते करते.

आता रविवारविषयी. मी अकरा महिने प्रभुभोजनाचे ताट शेजारच्या बाईंकडे सरकवत राहिले, करिंथकरांस पहिल्या पत्रातल्या ‘अयोग्य प्रकारे’ या शब्दांच्या भीतीने. तो अध्याय आधीपासून वाचला तर दिसते की गरीब भाऊबंद उपाशी असताना काही जण आधीच खाऊन पिऊन धुंद होत होते, आणि पौल त्यांना रागावतो आहे. तेव्हा तुम्ही जा आणि ताट आले की भाकर घ्या. प्याला ओठाशी नेताना तो शब्द येईल, बहुधा नेमका तेव्हाच येईल. आला तरी प्या, ताट पुढच्या माणसाकडे द्या, आणि नंतर क्षमा न मागता पुढच्या गीताला सगळ्यांबरोबर उभे राहा.