जुन्या गाडीच्या टेपवर मोबाइलची गाणी कशी वाजवायची?

भाऊ, तुमच्या टेपला ऑक्स (मोबाइलची वायर खुपसायचं भोक) नाही, ब्लूटूथ नाही, फक्त कॅसेट आणि रेडिओ. मग कॅसेट अडॅप्टरच घ्या. कॅसेटसारखा आत सरकवायचा, त्याची वायर मोबाइलला लावायची. आधी टेपचं हेड (आत कॅसेटची फीत टेकते तो भाग) स्पिरिटच्या बोळ्याने हलकेच पुसा. आपल्याकडची धूळ तिथेच बसते आणि आवाज दबतो.

एफएम ट्रान्समीटरही चालतो, म्हणजे मोबाइलची गाणी गाडीच्या रेडिओवर पाठवणारं छोटं यंत्र. लायटरच्या सॉकेटमध्ये बसवून 87.5 ते 108 मेगाहर्ट्झमधली रिकामी जागा शोधायची, रेडिओवरही तीच लावायची. पण धुळ्याहून येताना पारोळ्यापर्यंत छान वाजतं, जळगाव जवळ आलं की मध्येच स्टेशन घुसतं, खरखर सुरू! फ्रिक्वेन्सी बदलायची तर गाडी बाजूला थांबवूनच बदला. मोबाइलचा आवाज पाऊणच ठेवा, पूर्ण केला की फाटतो.