जुनी गाडी, कमी बजेट: आधी पुढचे स्पीकर
स्टिरिओ चालतोय ना? मग तो राहू द्या, पैसे पुढच्या दारांच्या स्पीकरवर घाला. ४ ओहमचे घ्या, पण आधी दारातली खोली मोजा. नाहीतर काच खाली आली की मॅग्नेटला अडते. डब्यावरच्या मोठ्या वॉटला भुलू नका, आरएमएस (स्पीकर सतत झेलू शकतो ती खरी ताकद) बघा. साध्या स्टिरिओतून चॅनलमागे, म्हणजे एकेका स्पीकरला, जेमतेम १५-२० वॉट निघतात.

स्टिरिओ बदलायचाच असेल तर मूळ वायरिंग कापू देऊ नका, तुमच्या मॉडेलचा कपलर (मूळ वायरिंगला थेट बसणारा जोड-प्लग) मागा. नव्या स्टिरिओची पिवळी वायर कायम १२ व्होल्टवर, लाल वायर चावी फिरवल्यावरच चालू होणाऱ्या लाइनवर. अदलाबदल झाली की गाडी बंद केल्यावर सेटिंग पुसतं.

एकाच स्पीकरचे प्लस-मायनस उलटे लागले तर बेस गायब, आणि शिव्या बिचाऱ्या स्पीकरला!

दारातला प्लास्टिक कागद परत नीट चिकटवून घ्या. ठाण्याच्या पावसात काचेवरून पाणी दारात उतरतंच. कागद फाटका असला की ते थेट पायाखाली. अॅम्प (आवाजाची ताकद वाढवणारा), बेस ट्यूब (बेससाठीचा वेगळा स्पीकर) नंतर बघू.