सोडा टाकण्याआधी गिलासभर पाणी तपासा

प्रश्न (अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया): 50 लिटरच्या टाकीत मॉली आणि गप्पी मासे आहेत. आरओ प्लांटच्या कॅनचं पाणी भरतो. पीएच (पाणी किती आम्ल ते दाखवणारा आकडा, 7 पेक्षा कमी म्हणजे आम्लधर्मी) 7 होता, आता 6 वर आलाय. मॉली पंख मिटून एकाच जागी हेलकावे खातात. काय टाकू?

उत्तर: काही टाकण्याआधी कारण ठरवा. टाकीतलं गिलासभर पाणी काढून पीएच मोजा, त्यात एअरस्टोन (हवेच्या पंपाच्या नळीला लावायचा सच्छिद्र दगड) सोडून रात्रभर हवा द्या, सकाळी पुन्हा मोजा. पीएच अर्धा अंक किंवा जास्त चढला, तर पाण्यात कार्बन डायऑक्साइड साचला होता. हलला नाही, तर केएच, म्हणजे आम्ल पचवणारा क्षार, संपलाय. तुमच्याकडे बहुधा दुसरीच गोष्ट निघेल, कारण आरओच्या पाण्यात केएच जवळपास नसतोच. फिल्टरमधले जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात तेव्हा आम्ल तयार होतं आणि उरलासुरला केएच खाऊन टाकतं. पीएच 6 च्या आसपास आला की हे जिवाणूही मंदावतात आणि अमोनिया साचत जातो.

खरा धोका इथेच आहे. आम्लधर्मी पाण्यात हा अमोनिया बहुतेक सगळा अमोनियमच्या रूपात असतो, माशांना फारसा बाधत नाही. पीएच 6 वरून एकदम 7.5 वर नेलात, तर त्यातला विषारी वाटा सुमारे 30 पट होतो. ‘सोडा टाकला आणि मासे मेले’ ही तक्रार यातूनच येते. म्हणून आधी चार दिवस चारा निम्मा करा आणि रोज 5 लिटर पाणी बदला. मग खायचा सोडा (धुण्याचा नव्हे, बेकिंग पावडरही नव्हे): 50 लिटरला 1.5 ग्रॅम टाकला की केएच 1 अंशाने वाढतो. चहाचा सपाट चमचा साधारण 5 ग्रॅमचा, त्याचा तिसरा हिस्सा घ्या. गिलासात विरघळवून दिवसाआड द्या आणि केएच 4 ला आला की थांबा. पुढे भरायच्या कॅनच्या दर 10 लिटरला 1.2 ग्रॅम पुरे.

सोड्याने कॅल्शियम मिळत नाही, आणि मॉलीला ते लागतंच. त्यासाठी चुनखडीचे मूठभर तुकडे जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरजवळ ठेवा. आपल्याकडे वणी-कोरपना पट्ट्यात हा दगड भरपूर आहे. लिंबू पिळल्यावर फसफसला तर समजा चालेल. तळ्यात टाकतात तो चुना मात्र टाकीत नको, काही मिनिटांत पीएच 10 च्या वर जातो.

प्रश्न (तेल्हारा, जि. अकोला): बोअरचं पाणी काढल्या काढल्या पीएच 6.9 दाखवतं, दुसऱ्या दिवशी 8. किट खराब आहे का?

उत्तर: किट बरोबर आहे. जमिनीखालच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड दाबून भरलेला असतो, ऑक्सिजन कमी असतो. वर आल्यावर वायू उडून जातो आणि पीएच चढतो. बादलीत एअरस्टोन लावून 24 तास ठेवा, मगच टाकीत घाला. तुमच्या खारपाण (खाऱ्या पाण्याच्या) पट्ट्यात सोडा, चुनखडी काही लागत नाही.

प्रश्न (मारेगाव, जि. यवतमाळ): वनस्पती दाट आहेत, वर काचेचं झाकण. संध्याकाळी पीएच 7.4, पहाटे 6.8. केएच 4. पहाटे मासे वर येऊन तोंड मारतात.

उत्तर: या आकड्यांतच उत्तर आहे. केएच 4 असताना पीएच 7.4 म्हणजे लिटरला साधारण 5 मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड, 6.8 म्हणजे 19. अंधारात वनस्पतीही माशांसारखाच ऑक्सिजन घेतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात, त्यानेच पहाटे पीएच उतरतो. इथे सोड्याचा काही उपयोग नाही.

वायूंची देवाणघेवाण होते ती पाण्याच्या पृष्ठभागावर. बुडबुडे स्वतः थोडंच काम करतात. ते पाणी ढवळून खालचं वर आणतात, हे त्यांचं मोठं काम. लाईट बंद झाल्यावर एअर पंप सुरू करा, झाकणाला चार बोटं फट ठेवा. पाण्यावर तेलकट साय दिसत असेल तर कोरा कागद अलगद टेकवून उचला, ती कागदाला चिकटून येते. उन्हाळ्यात जास्त जपा: 25 अंशांना लिटरभर पाण्यात 8 मिलिग्रॅमच्या वर ऑक्सिजन मावतो, 35 ला जेमतेम 7.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. कपाशीच्या फवारणीचं औषध ज्या खोलीत ठेवता, तिथे पंप ठेवू नका. पंप त्या खोलीतलीच हवा ओढून टाकीत सोडतो.

प्रश्न (समुद्रपूर, जि. वर्धा): रात्री चार-पाच तास लाईन जाते. गोल्डफिश कसे वाचवू?

उत्तर: संध्याकाळचा चारा बंद करा, पचनालाही ऑक्सिजन लागतो. यूएसबीवर चालणारा छोटा एअर पंप पॉवर बँकेला जोडा. तो नसेल तर मगाने पाणी काढून हातभर उंचीवरून पाच मिनिटं ओता, दर अर्ध्या तासाने. नेहमीचा पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा, नाहीतर लाईन गेल्यावर पाणी नळीतून उलटं पंपात शिरतं. बंद डब्याचा फिल्टर इतका वेळ थांबला तर आतलं पाणी सडतं. लाईन आल्यावर स्पंज टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात पिळून घ्या, डब्यातलं पाणी फेका, मगच सुरू करा.